पोटखराबा

माझ्या सातबाऱ्यावर एकूण चार हेक्टर वीस आर जमीन आहे. त्यातली एक हेक्टर ऐंशी आर ‘पोटखराबा’ म्हणून लावलेली आहे. म्हणजे पिकाच्या कामाची नाही, म्हणून तिच्यावर आकार नाही. माझ्या अकरा शेळ्या वर्षातले आठ-नऊ महिने त्याच जागेवर जगतात. चुलीला तरवडाची, बाभळीची काटकी तिथनंच येते. थोरल्या मुलीच्या लग्नाचं निम्मं कर्ज त्या शेळ्यांच्या बोकडांनी फेडलं. पण कागदावर तिथं काहीच नाही.

हे ‘काहीच नाही’ मी आयुष्यात दोनदा तोंडावर ऐकलं. पहिल्यांदा १९८४ साली, एका बंदूकवाल्याकडनं. दुसऱ्यांदा दोन वर्षांपूर्वी, सख्ख्या पुतण्याकडनं.

पुतण्या पुण्यात असतो. शिकलेला आहे, पगार चांगला, नवी थार गाडी घेतलीय. पाडव्याच्या आधी आला, चहा घेतला आणि म्हणाला, “आप्पा, तुमचा तो खालचा पोटखराबा मला वर्षाच्या करारानं द्या. साठ हजार देतो. मागं गायरान लागूनच आहे. महिन्यातनं दोनदा गाड्या येतील, तंबू टाकतील, माळावर गाड्या फिरवतील, जातील. तुम्हाला काही बघायला लागणार नाही. तिथं नाहीतरी काहीच नाही.”

साठ हजार ही आमच्याकडं लहान रक्कम नव्हे. त्या वर्षी तूर हाताला लागली नव्हती. तरी मी नाही म्हणालो. मग घरात जे व्हायचं ते झालं. थोरला भाऊ, म्हणजे पोराचा बाप, ओट्यावर उभा राहून गल्लीला ऐकू जाईल असं बोलला, “सोता वरीसभर शिकारीची जीप हाणलीस. सशाचं मटान घरी आणून घातलंस. आन आता माझ्या पोराला शानपन शिकवतूस?”

भाऊ खोटं बोलला नाही. म्हणून आधी ते वर्ष सांगतो. ते न सांगता पुढचं भांडलो तर लबाडी होईल.

आमचा करमाळा तालुका. एका अंगाला उजनीचं पाणी. तिकडं ऊस, केळी, बंगले. दुसऱ्या अंगाला आम्ही. पाऊस वर्षाला वीस-बावीस इंच, तोही त्याच्या मनात आलं तर. वीतभर माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली काळा दगड. मी दहावीच्या सुरुवातीच्या बॅचमधला. आमच्या आधी अकरावीची मॅट्रिक होती. बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडली आणि सुकडी खाल्ली. दहावी झाली, पण नोकरी लागली नाही. ट्रॅक्टर चालवायला शिकलो, त्यावरनं जीप शिकलो. १९८४च्या दिवाळीनंतर तालुक्याच्या एका बागायतदाराकडं ड्रायव्हर म्हणून लागलो. त्यांचं नाव घेत नाही. ते गेले, पोरं चांगली आहेत.

मालकांकडं जुनी विलीज जीप होती, पेट्रोलवर चालणारी, काच पुढं पाडता येणारी. दिवसा खत, मजूर, बाजार. रात्री शिकार. पाहुणे कोण? डॉक्टर, ठेकेदार, एक-दोन साहेब, सोलापूरचे व्यापारी. पहिल्याच रात्री एक पाहुणा माळाकडं बघून मालकांना म्हणाला, “मैलोगणती काहीच नाही हो इथं. मजा आहे तुमची.”

दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं. कुसळी धोतराला चिकटते, पवन्या गुडघ्याइतका उभा असतो. त्या दिवसांत सशाची शिकार. जीपच्या बॅटरीवरनं वायर काढून हातात धरायचा फोकस केलेला होता. तो माळावर फिरवायचा. सशाचे डोळे लाल चमकतात आणि उजेड पडला की तो जागीच बसतो. पळत नाही. लोक म्हणतात ससा भित्रा. अहो, तो पळाला असता तर वाचला असता. मालक हळू आवाजात म्हणायचे, “गाडी हालू दिऊ नको.” मी क्लच दाबून धरायचो. बाराबोरचा बार व्हायचा. एका रात्री सात ससे पडले. त्यातल्या एका सशीच्या पोटात तीन पिल्लं निघाली. सोललं मीच. मालकांनी दोन ससे मला दिले. आई मटण शिजवताना काही बोलली नाही, पण ताटात घेतलं नाही.

पौषात एकदा लांडग्याच्या बिळाकडं गेलो. कोणा मेंढकानं जागा दाखवली होती. त्याचं कोकरू गेलेलं, त्याला मी दोष देत नाही. बिळाच्या तोंडाशी पालापाचोळा पेटवला. पुढचं लिहीत नाही.

उन्हाळ्यात रात्रीची शिकार कमी झाली, कारण गवत चरून संपलेलं, लपायला आडोसा नाही, जनावर लांबनंच बघतं. मग दिवसा गाडी. वैशाखात एक चिंकारा दिसली. मादी होती, चिंकारीच्या मादीलाही शिंगं असतात, बारीक. एका पाहुण्याच्या मनात आलं की बंदूक नको, नुसती पळवू. “हाण,” मालक म्हणाले. मी हाणली. सपाट माळ, दगड चुकवत, गाडी उडत होती, मागं पाहुणे ओरडत होते. खरं सांगायचं तर मलाही मजा आली. पंचवीस वर्षांचा होतो. चिंकारा आधी सरळ पळाली, मग वळणं घेऊ लागली, मग वळणंही थांबली. ती उभी राहिली आणि पुढच्या गुडघ्यांवर बसली. तोंडाला फेस. आम्ही गाडी थांबवली तेव्हा ती जिवंत होती, आमच्याकडं बघत होती. पाच-सहा मिनिटांत गेली. हरणाच्या जातीचं जनावर असं उन्हात धावलं की आतनंच फाटतं, हे मला नंतर कळलं. पाहुणे म्हणाले, आता हिचं मटण चांगलं लागणार नाही. तशीच टाकून आलो.

बंदूक उडाली नाही. एक छर्रा खर्च झाला नाही. फक्त गाडी चालवली. पुतण्या मला जेव्हा सांगतो की “आप्पा, आम्ही काय शिकारीला येत नाही, नुसत्या गाड्या चालवतो,” तेव्हा माझ्यासमोर ती बसलेली चिंकारा येते.

श्रावणात एकदा माळढोक दिसला. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला हूम म्हणायची, कारण पावसाळ्यात नर तसा घुमतो. कंबरेइतका उंच पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. एका पाहुण्यानं बंदूक उचलली, तर मालकांनीच नळी खाली दाबली. “त्येला नको. त्येच्यावर फॉरेस्टवाल्यांचा डोळा हाय.” कायदा १९७२चा, म्हणजे झाला त्याला बारा-तेरा वर्षं झाली होती. ससा मारायलाही परवानगी नव्हती आणि चिंकारा मारणं तर मोठा गुन्हा. पण आमच्या जीपमध्ये कायदा फक्त माळढोकापुरता बसलेला होता.

त्याच वर्षातली आणखी एक गोष्ट. आमच्या वस्तीच्या पलीकडं पारध्यांची पालं होती. त्यातल्या एकाला दोन तितरांसाठी पोलिसांनी नेला आणि तीन दिवस बसवून ठेवला. परत आला तेव्हा त्याला नीट चालता येत नव्हतं. ज्या ठाण्यात हे झालं, तिथलाच एक साहेब आदल्या आठवड्यात आमच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर होता, मांडीवर बंदूक घेऊन. मी दोघांनाही ओळखत होतो. बोललो नाही.

पुढच्या दिवाळीला विलीजचं इंजिन बसलं. मालकांनी ती भंगारात काढली आणि माझं काम सुटलं. मन पालटलं म्हणून मी सोडलं नाही. गाडी चालली असती तर मीही चाललो असतो. भावाला हवं ते एवढंच, ते मी लिहून दिलं.

आता माझं ऐका.

पुतण्याच्या गाड्यांवर एक चिकटपट्टी असते. ‘चाकोरीबाहेर’. रस्ता सोडून गाडी चालवायची, तिला त्यांनी शोधलेलं मराठी नाव. नाव झकास आहे. पण चाकोरी म्हणजे काय हे त्यातल्या कोणाला ठाऊक आहे का? बैलगाडी वर्षानुवर्षं एकाच जागेवरनं गेली की चाकांनी दोन खोल रेघा पडतात, ती चाकोरी. गाडीवान मुद्दाम तिच्यातनं जायचा. बैलाला सोपं जायचं हे एक. दुसरं असं की गाडीच्या चाकानं खराब व्हायची ती तेवढीच हातभर जागा खराब व्हायची, बाकीचं रान शाबूत. माझ्या आज्यानं शेजाऱ्याच्या रानातनं चाकोरी सोडून गाडी घातली म्हणून भांडण झालं, ते गावच्या पंचांपुढं गेलं होतं. अडाणी माणसं होती, पण कुठं चाक घालायचं आणि कुठं नाही, याची अक्कल होती.

वीतभर मातीच्या रानात चाक काय करतं ते मी दाखवू शकतो. वैशाखात जिथनं विलीज पळवली, त्यातला एक उतार माझ्या पोटखराब्याच्या वरच्या अंगाला आहे. तिथं आम्ही त्या वर्षी दहा-बारा वेळा गाडी चढवली असेल, पाहुण्यांची हौस म्हणून. गवताची मुळं तुटली. पावसाचं पाणी पूर्वी गवतात अडायचं, ते चाकाच्या रेघेतनं सरळ खाली आलं. पुढच्या वर्षी ओघळ पडली. पाच वर्षांनी त्या ओघळीत शेळी उभी राहिली तर दिसत नव्हती. चाळीस वर्षं झाली. ओघळीनं माझा खालचा बांध तीन वेळा फोडला, दोन गुंठे काळी माती नेली. त्या उतारावर आज कुसळीही धड येत नाही. मीच केलेला खड्डा मीच भरतोय आणि तो भरत नाही. हे दहा-बारा खेपांचं फळ. पुतण्याच्या एका खेपेला बारा-बारा गाड्या असतात, टायर माझ्या छातीला लागतील एवढे, आणि वर ओला माळ त्यांना जास्त आवडतो. चिखल उडाला तर फोटो चांगला येतो म्हणे.

पावसाळ्यातच यांना यायचं असतं, आणि माळाचं सगळं घरदार त्याच दिवसांत जमिनीवर असतं. शहरात पक्षी म्हटला की झाड, झाडावर घरटं. माळावर झाडच नाही तर घरटं कुठं बांधणार? चंडोल गवताच्या बुडाला वाटीएवढं घरटं करतो. टिटवी खड्यांतच चार अंडी घालते. टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस चांगला, असं आमचे लोक अजून बघतात. पुस्तकात ज्याला धाविक म्हणतात तो तर घरटंही करत नाही. उघड्या मुरमावर दोन-तीन ठिपक्यांची अंडी, पावलापुढं असली तरी दिसायची नाहीत. मला दिसत नाहीत, जो रोज तिथं चालतो. ताशी चाळीसच्या वेगानं चिखल उडवणाऱ्याला काय दिसणार? आणि माळढोकाची मादी एका विणीला बहुतेक एकच अंडं घालते, तेही जमिनीवर. बंदूकवाल्याला निदान काय मारलं ते कळायचं. चाकवाल्याला कळतही नाही, म्हणून तो रात्री शेकोटीला बसून ‘निसर्ग’ या विषयावर बोलू शकतो.

मी ते बोलणं ऐकलंय. माझं रान मिळालं नाही म्हणून त्यांनी शेजारच्या गावच्या हद्दीत तंबू टाकले. बघायला गेलो होतो. पोरं वाईट नव्हती. मला खुर्ची दिली, “काका, चहा घ्या” म्हणाली. एकानं विचारलं, इथं वाघ आहे का? म्हटलं, लांडगा आहे, खोकड आहे, नशीब असलं तर तरस. “लांडगा? हाऊ सॅड,” एक पोरगी म्हणाली. मला त्याचा अर्थ नीट लागला नाही. मग मोठ्या कर्ण्यावर गाणी लागली. मग गाड्यांच्या टपावरचे दिवे लावले, आणि सगळा माळ पांढरा झाला. त्या उजेडात दीडशे पावलांवर दोन लाल ठिपके मला दिसले. पोरांना दिसले नाहीत. मी मात्र ओळखले. ससा जागच्या जागी बसला होता.

पुतण्याचं म्हणणं पैशाचं आहे, आणि ते मी उडवून लावत नाही. तो म्हणतो, गावातल्या चार बायांना भाकरी करायचं काम मिळतं, दोन पोरांना रोज मिळतो, शेतीत काय ठेवलंय? शेतीत काय ठेवलंय ते मला त्यानं सांगू नये, पण भाकरीचं खरं आहे. त्या बायांत माझी चुलत सून आहे. एका खेपेचे तिला पाचशे मिळतात. मला विचारायचंय ते एवढंच, की हे पैसे गाडी माळावर घातल्याशिवाय मिळत नाहीत का? इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला वनखात्यानं गवताळ रानाची सफारी चालू केलीय. गाडीची नोंद होते, वाट ठरलेली, बरोबर गावचा वाटाड्या. लोक पैसे देऊन लांडगा आणि चिंकारा बघायला जातात आणि बघून परत येतात. तिथं वाटाड्याला पैसे मिळतात ते ‘काहीतरी आहे’ म्हणून. आमच्याकडं भाडं मिळतं ते ‘काहीच नाही’ म्हणून. मला हा फरक लहान वाटत नाही. जिथं काही नाही तिथलं भाडं आज साठ हजार, उद्या कोणी लाख दिले तर खडीची मशीन येईल.

आता गावकऱ्यांनो, तुम्ही हसू नका. तुमचं-माझंही पाप यात आहे. १९७९ साली नान्नजला माळढोक अभयारण्य झालं. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, शहरं आली, आपला तालुका आला. जमिनीचे व्यवहार अडले, लोक वैतागले, आणि राग निघाला पक्ष्यावर. आपण माळढोक हा शब्द शिवीसारखा वापरला. कोणाचं काम अडलं की “आला माळढोक आडवा”. पुढं ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तेव्हा आपल्याकडं फटाके वाजवणारे होते. मी वाजवले नाहीत, पण बघत उभा होतो. ज्यानं नकाशा आखला त्याची चूक पक्ष्याच्या डोक्यावर कशाला? आता सोलापूर जिल्ह्यात एखादी मादी दिसली तर वर्तमानपत्रात बातमी येते. सबंध देशात ते दीडशेच्या आसपास उरलेत म्हणतात. मी एका श्रावणात, एका जीपमधनं, पाच बघितले होते.

आणि माळ नांगरला कोणी? आपणच. बोअर मारला, जेसीबी लावला, मुरूम उलथा केला, दोन वर्षं पाणी लागलं, तिसऱ्या वर्षी बोअर आटला. ना ऊस राहिला ना गवत. राहिलेल्या गवतात सरकारी योजनेत चर खणून गिरिपुष्पाची रोपं लावली, कारण योजना करणाऱ्यालाही तिथं काहीच दिसलं नाही. ज्याला झाड नाही ते रान उजाड, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात कोणी भरवलं कुणास ठाऊक! शेळी-मेंढी गिरिपुष्पावर जगत नाही, गवतावर जगते. धनगर मेंढ्या घेऊन येतो, रानात बसवतो, त्या लेंडीखतावर आपली ज्वारी उभी राहते. तो धनगर आता विचारतो, “पाव्हणं, माळ कुठाय?” त्याला दाखवायला जागा राहिली नाही.

पुतण्याच्या जाहिरातीत आमच्या माळाला ‘महाराष्ट्राचं वाळवंट’ म्हटलंय. आमच्या तोंडी वाळवंट म्हणजे पंढरपूरचं, चंद्रभागेचं. पण खरं वाळवंटही मी पाहिलंय. गावात तीन पिढ्यांपासून किराणा दुकान असलेलं मारवाडी कुटुंब आहे. त्यांच्या नातवाचं लग्न पोकरणजवळ त्यांच्या मूळ गावी होतं, त्याला आम्ही दहा-बारा जण गेलो. लग्नानंतर जैसलमेर दाखवलं आणि पुढं समच्या वाळूच्या टेकड्या. तिथं हीच तऱ्हा. जीपची रांग, टेकडीवर चढव, खाली सोड, पाहुणे ओरडताहेत. मी जीपमध्ये बसलो नाही. म्हातारा भ्याला, असं बरोबरच्यांनी ठरवलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. दुकानदाराचे म्हातारे चुलते मला गावाबाहेर घेऊन गेले. खेजडीची, बोरांची झुडपं, गवत, एक टाकं, एका देवीचं ठाणं. म्हणाले, हे ओरण. देवीच्या नावानं सोडलेलं रान. इथं गाय, उंट, मेंढी चरेल, पण कुऱ्हाड चालणार नाही. नांगर चालणार नाही. कोणाच्या खाजगी मालकीचं नाही आणि कोणी ‘काहीच नाही’ म्हणत नाही, कारण दुष्काळात सगळं गाव त्याच्यावर तगतं. त्यांचा पाऊस आमच्या निम्म्याहूनही कमी. तिथल्या लोकांनाही तंटे आहेत, ओरणातनं विजेच्या तारा नेण्यावरनं भांडणं चालू आहेत, सगळं गोड आहे असं नाही. पण निदान त्यांच्याकडं त्या जागेला नाव आहे. आणि त्यांचा गोडावण, म्हणजे आपला माळढोक, देशात जे काही उरलेत त्यातले बहुतेक तिकडं आहेत. आपल्याकडं गायरान हा शब्द होता. गाईचं रान. त्याचं आपण काय केलं ते ज्यानं त्यानं आपल्या गावात जाऊन बघावं; अर्ध्यावर अतिक्रमण असेल आणि उरलेल्यावर कचरा.

शहरातल्या मंडळींनी येऊ नये असं मी म्हणत नाही. या. गाडी रस्त्यावर लावा, नाहीतर चाकोरीतनं आणा, जिथं चाकोरी संपते तिथं उतरा. पायाला काही झालेलं नसेल तर चाला. मृग निघाल्यापासून दसऱ्यापर्यंत गवतात चाक घालू नका. रात्री टपावरचे दिवे लावू नका. ज्याचं रान आहे त्याला विचारा, आणि ते गायरान असेल तर ग्रामपंचायतीला विचारा, एखाद्या पुतण्याला नव्हे. तुमच्यातला कोणी बंदूक घेऊन आलेला दिसला तर त्याच्याबरोबर जेवू नका, तक्रार करा. मला गेल्या माघात ओघळीत दोन नवी काडतुसं सापडली, ती आकाशातनं पडलेली नाहीत. आणि पारध्याच्या पोराच्या हातात तितर दिसलं म्हणून व्हिडिओ काढण्याआधी आपल्या गाडीच्या टायरखाली काय आहे तेही एकदा वाकून बघा.

आमच्या ग्रामसभेत मी गेल्या वर्षी ठराव मांडला, की गायरानात परवानगीशिवाय गाड्या घालू नयेत. सोळा हात वर आले, विरोधात तेवीस. विरोधात पहिला हात भावाचा होता. दुसरा चुलत सुनेचा. तिच्या पाचशे रुपयांचं मी काय करणार, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, ते मी सभेतच कबूल केलं. यंदा पुन्हा मांडणार आहे. तिच्याशी बोलणं चालू आहे, भावाशी नाही. पुतण्या दोन दिवाळ्या घरी आला नाही. त्याची बायको सणाला फोन करते, “आप्पा, जेवलात का?” विचारते, बाकी विषय काढत नाही.

पोटखराब्याकडं जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी मी तीन मोठे धोंडे लावलेत, बैलगाडी जाईल पण रुंद टायर जाणार नाहीत असे. महिन्यातनं एकदा कोणीतरी ते बाजूला ढकलतं. मग मी पहार घेऊन जातो. आता एकट्यानं धोंडा हलत नाही, धाकट्या नातवाला बरोबर घ्यावं लागतं. परवा तो पहार टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, “आप्पा, त्यो बघा ससा.” मला उन्हात दिसला नाही. म्हटलं, असंल. तू धोंडा ढकल.